माळवद : कमी पावसाच्या मुलखाचं छत

आटपाडी, खानापूर, माण, सांगोला या भागातलं जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र उघडलं, की घराच्या वर्णनात 'अमुक खण माळवदी इमला' अशा धर्तीचे शब्द भेटतात. वडिलार्जित घराच्या कामासाठी पुण्या-मुंबईहून गावी आलेली पिढी तिथं हमखास अडते. इथला खण चोळीचा नाही एवढं संदर्भावरून कळतं. पण 'माळवदी'चं काय करायचं? कुणी त्याचा अर्थ 'माळ्याचं घर' असा लावतो, कुणी 'गच्चीचं'. माळ्याचा अर्थ लावणाऱ्याला एकमजली घर दुमजली वाटू लागतं, गच्चीचा अर्थ लावणाऱ्याला त्यात चुना-सिमेंट दिसायला लागतं. खरं तर त्या एका शब्दात भिंती किती जाड असतील, घरात लाकूड किती गेलं असेल आणि त्या गावात पाऊस किती पडत असेल, हे सगळं सांगितलेलं असतं.

माळवद म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर जाड मातीचा थर चोपून केलेलं सपाट छत. शब्द नपुंसकलिंगी आहे : ते माळवद, ती माळवदं. असं छत असलेलं घर ते माळवदी घर किंवा माळवदाचं घर. माणदेश, सोलापूर आणि मराठवाडा हा या शब्दाचा मुलूख. खानदेश-वऱ्हाडाकडं अशाच छताला धाबं म्हणतात आणि घराला धाब्याचं घर. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जतकडं गेलं की मराठीत कानडी मिसळू लागते. त्या कानडीत सपाट छताला आणि वरच्या मजल्याला 'माळिगे' म्हणतात. विजापूरच्या बाजूची मातीच्या छताची माळिगे-घरं आणि आटपाडीची माळवदं शेजारी उभी केली, तर घर कुठल्या भाषेतलं हे ओळखता येणार नाही.

माळा, माडी, गच्ची आणि माळवद

गोंधळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांमुळं, म्हणून आधी तो निस्तरू. माळा म्हणजे घराच्या आत, छताच्या खाली, सामानसुमान ठेवायला केलेली वरची जागा; मुंबईत मात्र माळा म्हणजे मजला, आणि चाळ 'चार माळ्यांची' असते. माडी म्हणजे राहता वरचा मजला. गच्ची म्हणजे चुन्याची किंवा सिमेंटची, फरशीसारखी टणक केलेली उघडी जागा. माळवद हे या तिघांहून वेगळं, कारण त्यात छत आणि वरची वापरायची जागा या दोन्ही गोष्टी एकच आहेत, आणि ती मातीची आहे. घर एकमजली असलं तरी त्याला माळवद असतं. वाडा दुमजली असला तर खालच्या मजल्यावर माडी आणि माडीच्या डोक्यावर माळवद. म्हणून 'तो माळवदावर झोपलाय' या वाक्यातला माणूस आभाळाखाली असतो आणि 'तो माळ्यावर झोपलाय' यातला छताखाली.

खण हे या घराचं माप. दोन खांबांमधलं, म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. हे अंतर मनाला येईल तेवढं ठेवता येत नाही. मातीचं ओझं घेऊन न वाकता टिकेल एवढंच लाकूड लांब टाकता येतं. त्यामुळं जुनी माणसं घर चौरस फुटांत सांगत नसत. 'पाच खणांचा सोपा' (सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग) म्हटलं की ऐकणाऱ्याला घराची लांबी आणि घरवाल्याची ऐपत दोन्ही कळत.

खालून वर

माळवद समजून घ्यायचं तर ते ज्या क्रमानं बांधतात त्याच क्रमानं पाहिलं पाहिजे. खाली दगडाचं उथळं, म्हणजे खांबाच्या बुडाशी ठेवलेला घडीव दगड. लाकूड थेट जमिनीला टेकलं तर ओल आणि वाळवी त्याला खाते, म्हणून हा दगड. त्यावर खांब, खांबावर तुळई. तुळयांवर आडवी लाकडं जवळजवळ टाकायची आणि त्यांच्यावर लाकडाच्या चिरफळ्या दाटीनं अंथरायच्या. काही भागांत या थराला किलच किंवा किलचण म्हणतात. ऐपतदाराच्या घरी तुळया सागवानी आणि वर रंधलेल्या फळ्यांचा कडीपाट. बाकीच्यांकडं शिवारातली बाभूळ आणि कडुनिंब.

चिरफळ्यांवर पाला येतो. निंबाचा पाला, तरवडाचे फाटे, तुरकाट्या, जे गावात मिळेल ते. या थराची कामं दोन : वरची माती फटींतून घरात झिरपू द्यायची नाही आणि किडीला अडवायचं. कडुनिंबाला पसंती असते ती त्याच्या कडूपणासाठीच. पाल्यावर चिखलाचा गिलावा, तो सुकला की कोरडी माती, मग पाणी शिंपून चोपणं, पुन्हा माती, पुन्हा चोपणं. थर वीतभराच्या वर जातो, अनेक घरांत तो फुटाच्या आसपास भरतो. सगळ्या छताला एका बाजूला डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका उतार द्यायचा आणि त्या बाजूला पन्हळ बसवायची, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता लांब पडतं.

यात खरी मेख मातीची निवड. शेतातली काळी माती इथं चालत नाही. काळी भिजली की फुगते, वाळली की तडकते, आणि छताला भेगा म्हणजे घरात धारा. माळवदाला लागते पांढरी. मराठी गावाची जुनी विभागणीच काळी आणि पांढरी अशी आहे : काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यानपिढ्या माणसं राहून, भिंती पडून, राख-शेण मुरून गावठाणाची जी माती तयार होते ती भिजून फार फुगत नाही आणि वाळून फार भेगाळत नाही. म्हणून पडक्या गढीची किंवा उठून गेलेल्या वस्तीची माती नव्या घराच्या भिंतींना आणि छताला लागत असे. गावाचं जुनं घर नव्या घरात असं शब्दशः वर चढे.

अगदी वरच्या थराला खारवट, चोपण माती मिळाली तर उत्तम. चोपण जमिनीला शेतकरी शिव्या देतो, कारण तिच्यात पाणी मुरत नाही. हाच दोष छतावर गुण ठरतो. या मातीत सोडियमचे क्षार असतात. पाऊस लागला की तिचे बारीक कण सुटे होऊन मातीची छिद्रं बुजवतात आणि पुढचं पाणी आत न जाता पन्हळीकडं वळतं. गवंड्यांना सोडियम ठाऊक नव्हतं, पण कुठल्या ओढ्याकाठची माती छताला आणायची हे पक्कं ठाऊक होतं.

साणं

माळवदी घराला खिडक्या कमी, आणि भिंती दोन-अडीच हात जाड. मग माजघरात उजेड कुठून येणार? त्यासाठी छतालाच भोक ठेवतात. त्याला साणं म्हणतात. चुलीचा धूर त्यातून बाहेर जातो आणि उजेड त्यातून आत येतो. दुपारी उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडतो आणि दिवस सरेल तसा सारवलेल्या भुईवरून भिंतीवर चढतो. घड्याळ नसलेल्या घरात बाईला कालवण कधी टाकायचं हे तो सांगे. साण्याच्या कडेनं मातीचा वरंबा असतो, म्हणजे छतावरचं पाणी आत उतरत नाही. पावसाचं चिन्ह दिसलं की शिडीनं वर जाऊन त्यावर फुटकी घागर किंवा शहाबादी फरशीचा तुकडा झाकायचा, हे घरातल्या पोराचं काम. पोर खेळात रमलं तर त्या रात्रीची भाकरी ओल्या चुलीवर.

मातीच्या सपाट छताला असं भोक ठेवण्याची युक्ती माणदेशापुरती नाही. तुर्कस्तानात चाटालह्यूयूक नावाचं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव उत्खननात सापडलं. तिथल्या घरांच्या मध्ये गल्लीच नव्हती. लोक छतांवरून चालत येत आणि छताच्या भोकातून शिडीनं घरात उतरत. चुलीचा धूर त्याच भोकातून बाहेर पडे. लडाखपासून इराणपर्यंत जिथं जिथं पाऊस थोडा आणि ऊन जास्त, तिथं माणसानं मातीचं सपाट छत केलं आहे.

पावसाचा हिशेब

महाबळेश्वर आणि आटपाडी यांच्यातलं हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ढग सह्याद्रीवर रिते होऊन पुढं येतात आणि आटपाडीच्या वाट्याला वर्षाचे सरासरी ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर उरतात. त्यातही मोठा वाटा परतीच्या पावसाचा. घाटमाथ्यावर आणि कोकणात छताचं काम एकच : पाणी पडताक्षणी खाली ढकलणं. म्हणून तिथं उतरती छपरं, गवती किंवा कौलारू. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर घरोघर गेली. माणदेशात मात्र मातीचं छत पुढंही टिकलं.

कारण इथं पाणी ढकलायची घाई नाही. एका वळवात २०-२५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो वरच्या काही बोटं मातीत जिरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जातो. माती खालपर्यंत भिजायला सलग तीन-चार दिवसांची झड लागते, आणि माणदेशात झड क्वचितच. ती लागली की मात्र घरात जागोजाग पातेली मांडावी लागतात. एरवी वर्षाचे तीनशेवर दिवस प्रश्न पावसाचा नसून उन्हाचा असतो, आणि तिथं मातीच्या थराला तोड नाही. फूटभर मातीतून उष्णता पार व्हायला आठ-दहा तास लागतात. भर दुपारी छतावर पाय ठेववत नाही तेव्हा खाली सोप्यात गारवा असतो. ती ऊब आत पोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि घरातली माणसं अंथरूण घेऊन वर गेलेली असतात. थंडीत उलट फायदा : पहाटे घर उबदार.

वर झोपणं हा माळवदाच्या उपयोगांतला एक झाला. शेंगा आणि मिरच्या वाळवायला, कुरडया-सांडगे घालायला, बाजरीची कणसं टाकायला, शेण्या रचायला, लग्नाची वरात बघायला माळवदच. आळीतली घरं एकमेकांना चिकटून असली तर बायका रस्त्यावर न उतरता छतांवरूनच शेजारी जात. अंगण नसलेल्या दाट गावठाणात ते बायकांचं आणि पोरांचं अंगण होतं.

याची किंमत म्हणजे दरवर्षीची डागडुजी. मृगाआधी वर चढून उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी माती टाकून चोपायची, पन्हळ मोकळी करायची. एक वर्ष चुकलं तर गळती, तीन वर्षं चुकली तर तुळई कुजते. ओसाड पडलेलं माळवदी घर पाच-सात पावसाळ्यांत का बसतं, याचं उत्तर या चुकलेल्या मृगांत आहे.

कच्चं म्हणजे गरीब?

सरकारी भाषेत मातीच्या भिंतींचं आणि मातीच्या छताचं घर 'कच्चं'. घरकुल योजनांच्या याद्याही याच फरकावर तयार होतात. मोजणीच्या सोयीसाठी ते ठीक, पण त्यातून माळवद म्हणजे दारिद्र्य असा समज पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. गावात ज्याच्याकडं काही नव्हतं त्याचं छपर असे : कुडाच्या भिंती आणि वर गवत किंवा पाचट. माळवदाला लाकूड लागे, आणि उघड्या माळांच्या या मुलखात लाकूडच महाग. पाटील, कुलकर्णी, व्यापारी, बागायतदार यांची घरं माळवदी होती. जुन्या दस्तात 'माळवदी' हा शब्द मुद्दाम लिहिलेला दिसतो, कारण त्यानं मिळकतीची किंमत वाढे.

आटपाडी औंध संस्थानात होती. १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात ती आली आणि त्याच जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी घरं बराच काळ तीच राहिली. त्यांना पहिला धक्का दिला पत्र्यानं. नागमोडी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये १८२९ सालचं; खेड्यात पोचायला त्याला शतक लागलं. ग. दि. माडगूळकर जिथं बसून लिहीत ती माडगुळ्याच्या शेतातली जागा 'बामणाचा पत्रा' म्हणून ओळखली जाते. माळवदांच्या मुलखात पत्र्याचं छत एवढं वेगळं, की ते जागेचं नावच झालं. पुढं खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर पांगली आणि त्यांनी गावाकडं पैसा पाठवला. डाळिंबानं पैसा दिला, टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आणलं. या पैशातून उभी राहिली ती स्लॅबची घरं. स्लॅब दरसाल माती मागत नाही, आणि शहरात राहणाऱ्या धन्याला तेच हवं असतं. मे महिन्यात त्याच स्लॅबखाली पंखा गरम वारा फेकतो, ही वेगळी गोष्ट.

किल्लारीनंतर

माळवदाची बाजू मांडताना ३० सप्टेंबर १९९३ वगळता येत नाही. त्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं झोपेतच आपल्या घराखाली गेली. ती घरं बहुतांशी दगडमातीची आणि माळवदी होती.

ओझं किती असतं ते पाहा. चोपलेली माती घनमीटरला सोळाशे किलोच्या पुढं भरते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे सव्वाचार ते साडेचार टन. पावसाळ्यात भिजली की आणखी वर. हे वजन डोक्यावर असताना जमीन हलली तर खालच्या भिंतीनं एकसंध राहायला हवं, आणि तिथंच घात झाला. भिंती दोन पदरी होत्या : आतून एक थर, बाहेरून एक, मध्ये मुरूम आणि चिपा, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नव्हतेच. गोलसर दगड नुसत्या चिखलात बसवलेले. हादऱ्यानं पदर सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि माती खाली आली. उलट, खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता अशी काही घरं भिंती ढासळूनही उभी राहिली. तपासणी करणाऱ्या अभियंत्यांनी हा फरक नोंदवला आहे. मारक ठरली ती वजनदार छत आणि बांधणी नसलेली भिंत यांची जोडी. पण भीती असा भेद करत नाही. मराठवाड्यात त्यानंतर लोकांनी छतावरची माती उतरवून पत्रे घातले.

आज आटपाडीच्या बाजारपेठेतल्या तरुणाला माळवद विचारलं तर तो आजोबांच्या गावाकडच्या घराचं नाव घेईल. छतावर झोपायला तोही जातो, पण 'स्लॅबवर' जातो. ज्या वस्तूची दरसाल डागडुजी होत नाही ती पडते, आणि वस्तू पडली की उथळं, किलच, साणं, पन्हळ हे तिच्याबरोबरचे शब्दही तोंडातून उतरतात.

गावी अजून माळवदी घर उभं असेल तर दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. राहतं असेल तर पावसाळ्याआधी जाणत्या गवंड्याकडून आणि शक्य असल्यास अभियंत्याकडून भिंती आणि तुळया तपासून घ्या. वर्षानुवर्षं मातीवर माती चढून थर दीड-दोन फुटांवर गेला असेल, तर जादा माती उतरवा. वजन कमी करणं हाच सर्वांत स्वस्त बचाव आहे. आणि घर पाडायचंच ठरलं असेल, तर आधी त्याचे खण मोजा, फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक लाकडाचं नाव लिहून घ्या. तुळया विकत घ्यायला जुन्या लाकडाचा व्यापारी येईलच. नावं विकत घ्यायला कुणी येणार नाही.